यंत्र बदलण्याआधी अक्षरं मोकळी करा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल थांबवली. २०१५ च्या जुलैमध्ये आलेली ही प्रणाली आपल्याकडे घराघरांत, शाळांच्या संगणक कक्षांत आणि कर सल्लागारांच्या कचेऱ्यांत आजही चालते आहे. त्या दिवशी यातला एकही संगणक बंद पडला नाही. फाइली उघडतात, छपाई होते, मुलं गेम खेळतात. थांबले आहेत ते सुरक्षेचे अपडेट. यापुढे विंडोज १० मध्ये नवी फट सापडली, तर ती आपोआप बुजवली जाणार नाही. ज्या घरात त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, तिथे हे अंगावर काढण्यासारखं दुखणं नाही.

त्यामुळे बऱ्याच घरांत एक वाद रंगला आहे. विंडोज ११ चा नवा संगणक घ्यायचा, की एकदाचं मॅककडे वळायचं, की आहे त्याच यंत्रावर लिनक्स टाकायचं? दुकानदार नवा घ्या म्हणतो, भाचा मॅक म्हणतो, अभियांत्रिकीला गेलेली मुलगी लिनक्स म्हणते. प्रत्येक जण यंत्राबद्दल बोलतो. माझ्या मते सुरुवात यंत्रापासून करूच नये. आपलं काम कशाला बांधलेलं आहे, हे आधी पाहावं. मराठी घरात ते बहुधा तीन गोष्टींना बांधलेलं असतं: फाँट, हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि प्रिंटर.

पण त्याआधी एक तपासणी करा, तिला पैसे लागत नाहीत. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने घातलेल्या अटींत ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण आहे. त्यात अडचण येत नाही. अडतं ते प्रोसेसर आणि टीपीएम २.० या सुरक्षा चिपपाशी. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या अखेरीनंतरचा, लागतो. गंमत अशी, की सुटे भाग जोडून घेतलेल्या अनेक डेस्कटॉपमध्ये टीपीएमची सोय असते, पण बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, ती बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मदरबोर्डवर तिला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. ती चालू केली, की कालपर्यंत अपात्र दाखवणारा संगणक पात्र ठरू शकतो. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन चालवा; अडतं कुठे ते कळेल. मगच दुकानाची पायरी चढा.

संगणक अपात्रच ठरला, तरी लगेच घाबरण्याचं कारण नाही. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळण्याची सोय आहे. मायक्रोसॉफ्टचं खातं वापरून संगणकाच्या सेटिंग्जचा बॅकअप चालू केला, तर त्यासाठी पैसे पडत नाहीत. विचार करायला तोवर वेळ मिळतो. हा वेळ कशासाठी वापरायचा, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आधी फाँट घेऊ. माझ्या आत्याने पंचवीसेक वर्षांपूर्वी गावातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून लिहून घेतल्या आणि पुढे त्या संगणकावर टंकित केल्या. त्या काळी मिळत होते तशाच फाँटमध्ये. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, की ओव्यांच्या जागी परकी अक्षरं, उद्गारचिन्हं आणि चौकोन दिसतात. आत्या म्हणाली, “अरे, गेल्या काय रे माझ्या ओव्या?” गेल्या नव्हत्या. जुन्या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी चिन्हांचाच असतो. फाँट फक्त त्या चिन्हांवर मराठी अक्षरांचा मुखवटा चढवतो. फाँट नसला, की मुखवटा उतरतो. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा नावांच्या जुन्या फाँटमधल्या हजारो फाइली आज महाराष्ट्रभर पडून आहेत: संस्थांचे अहवाल, वंशावळी, कवितासंग्रह, ग्रामदेवतांची माहिती, लग्नपत्रिकांचे नमुने. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या कुठल्याही जुन्या डीटीपी चालकाला विचारा. अशी फाइल न शोधता येते, न धड दुसरीकडे पाठवता येते.

याउलट युनिकोड या पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. ‘क’ हा विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर आणि फोनवर ‘क’च राहतो. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून त्यात देवनागरी आहे. म्हणून संगणक बदलायचा विचार असेल, तर पहिलं काम फाइली युनिकोडमध्ये आणण्याचं. श्रीलिपी, आयएसएम अशा टंकनाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांत रूपांतराची सोय आहे, इंटरनेटवर मोफत साधनंही आहेत. मात्र रूपांतर झालं म्हणून फाइल बंद करू नका. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकित व्हायची आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलट. त्यामुळे ‘स्थिती’, ‘कीर्ती’, ‘वर्षी’ अशा शब्दांत चिन्हं शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. आणि आपला खास मराठी ‘ऱ्य’ तर हमखास बिघडतो: ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. आत्याच्या ओव्यांत ‘सासऱ्याच्या’ हा शब्द जिथे जिथे आला, तिथे तो हाताने दुरुस्त करावा लागला. वेळ गेला, पण त्या ओव्या आता तिच्या नातीच्या फोनवरही वाचता येतात.

टंकनाची सवय हा याच्याच पोटातला दुसरा भाग. इनस्क्रिप्ट मांडणी शिकलेल्याला कुठेही अडत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. के दाबला की ‘क’, डी दाबला की अक्षराचा पाय मोडतो. ही मांडणी विंडोजमध्ये आहे, लिनक्समध्ये आहे, मॅकच्या देवनागरी कळफलकाशीही तिचं चांगलं जुळतं. अडचण होते ती टाइपरायटरच्या, म्हणजे रेमिंग्टन मांडणीवर हात बसलेल्यांची. सरकारी संगणक टंकलेखनाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी याचा नीट विचार करावा. ज्या मांडणीवर आणि ज्या सॉफ्टवेअरवर परीक्षा होणार, तेच घरी असलं पाहिजे. अशा घराने परीक्षा होईपर्यंत विंडोज सोडू नये.

दुसरी गोष्ट हिशेबाच्या सॉफ्टवेअरची. टॅलीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. घरातल्या संगणकावर दुकानाचे किंवा पेढीचे हिशेब टॅलीत होत असतील, तर विंडोज ठेवा. टॅली विंडोजसाठीच बनतं. दुसऱ्या प्रणालीवर ते आडमार्गाने चालवता येतं, पण मार्चअखेरीला आडमार्ग कामाचे नसतात. डिजिटल सहीची यूएसबी किल्ली वापरणाऱ्यांनाही हाच सल्ला. आणि एक सावधगिरी: विंडोजच्याच काही लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीऐवजी स्नॅपड्रॅगनचा, म्हणजे एआरएम जातीचा प्रोसेसर येतो. बॅटरी उत्तम टिकते. पण जुन्या प्रिंटरचे, स्कॅनरचे आणि सहीच्या किल्लीचे ड्रायव्हर त्या जातीसाठी वेगळे लागतात, आणि ते निघालेले नसतील तर उपकरण चालत नाही. वरून सगळं विंडोज दिसतं, आतली जात वेगळी असते. घेण्याआधी विचारा.

मॅककडे वळणाऱ्यांनी ॲपलचा इतिहास ध्यानात घ्यावा. या कंपनीने १९९४ मध्ये, २००६ मध्ये आणि २०२० मध्ये अशी तीनदा आपल्या संगणकाच्या प्रोसेसरची जात बदलली. जुन्या यंत्रांना काही वर्षं सांभाळून घेतलं आणि मग हात सोडला. आताही २०२५ ची मॅकओएस टाहो ही इंटेलच्या मॅकसाठी शेवटची आवृत्ती असल्याचं कंपनीने सांगितलं आहे. त्यामुळे सेकंडहँड बाजारात स्वस्तात दिसणारा इंटेलचा मॅकबुक घेऊ नका, कितीही चकचकीत असला तरी. नवा घ्यायचा तर एम४ चिपचा मॅक मिनी २०२४ मध्ये भारतात ५९,९०० रुपयांना आला, १६ जीबी रॅमसह. मॉनिटर, कळफलक, माउस वेगळे. चित्रफिती संपादित करणाऱ्याला, संगीत ध्वनिमुद्रित करणाऱ्याला तो पैसा वसूल वाटेल. रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच पुरेशी घ्यावी. शिवाय विंडोजवर भरलेली हार्ड डिस्क मॅक वाचतो, पण ती एनटीएफएस स्वरूपात असेल तर तिच्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे चालावी म्हणून ती एक्सफॅट स्वरूपात करून घ्यावी लागते, आणि तसं करताना आतलं सगळं पुसलं जातं. लग्नाचे फोटो आधी दुसरीकडे उतरवून ठेवा.

लिनक्सबद्दल मराठी घरांत जी भीती आहे, ती मला अनाठायी वाटते. केरळातल्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं त्याच्यावर शिकत आहेत. लिनक्स मिंट किंवा उबुंटू हे पेनड्राइव्हवर घेऊन, हार्ड डिस्कला हातही न लावता चालवून पाहता येतं. ही सोय मला सगळ्यांत मोलाची वाटते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. संगणक सुरू होताना बूट मेन्यूची कळ दाबून पेनड्राइव्ह निवडायचा, थोडं थांबायचं, समोर नवा डेस्कटॉप येतो. मग क्रमाने पाहायचं: वायफाय जुळतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, मराठी टंकन होतं का, आणि प्रिंटर छापतो का. शेवटचा प्रश्न टाळू नका. गल्लोगल्लीच्या झेरॉक्स दुकानांत दिसणारे काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात, तर काहींना ड्रायव्हरही वेगळा लागत नाही. प्रत्यक्ष एक पान छापूनच ठरवा. लिबरऑफिस सोबत येतं आणि वर्डच्या फाइली उघडतं. गुंतागुंतीचे तक्ते मात्र थोडे सरकतात. फोटोशॉप, कोरलड्रॉ यांवर पोट असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

२०१४-१५ च्या संगणकाची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम ८ जीबी केली आणि त्यावर मिंट टाकलं, तर ब्राउझर, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास आणि मराठी लेखन यांसाठी तो आणखी काही वर्षं सुखाने चालतो. मुख्यतः इंटरनेटवर चालणाऱ्या क्रोमबुकचाही पर्याय आहे. पण नेट खंडित होणाऱ्या गावी त्याचा उपयोग निम्माच.

हिशेब आणि डिजिटल सही असेल तर विंडोज ११, दृक्‌श्राव्य माध्यमाचं काम असेल आणि पैसा असेल तर मॅक, आणि नुसता लिहिण्या-वाचण्याचा, शिकण्याचा संगणक असेल तर आहे त्याच यंत्रावर लिनक्स, असं माझं मत आहे. यातलं काहीही निवडा, पण जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यातल्या मराठी फाइली युनिकोडमध्ये आणून, वाचून, दुरुस्त करून दोन ठिकाणी ठेवा. जुने फाँट अजून आपल्या संगणकांवर आहेत आणि ते वापरणारी माणसंही आपल्यात आहेत. हे काम याच वर्षी करून घ्या.