आज्ञावलीतील चूक यंत्राला अपाय कसा करते

यंत्र बिघडते ते झिजेमुळे, उष्णतेमुळे किंवा आघातामुळे, असा आपला नित्याचा अनुभव आहे. संगणकाची आज्ञावली म्हणजे केवळ सूचनांची मालिका. ती चुकली तर उत्तर चुकेल, फार तर संगणक थांबेल आणि पुन्हा सुरू करताच पूर्ववत् चालू लागेल, असे कोणासही वाटेल. बहुधा घडतेही तसेच. परंतु या नियमाला अपवाद आहेत. त्यांपैकी एक बोधप्रद अपवाद सन २००८ मध्ये लिनक्स या कार्यप्रणालीच्या बाबतीत घडला.

संगणकाच्या सर्व भागांवर नियंत्रण ठेवणारी मूलभूत आज्ञावली म्हणजे कार्यप्रणाली. लिनक्सच्या गाभ्याची नवी आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वी तिच्या परीक्षणार्थ आवृत्त्या काढल्या जातात व जाणकार लोक त्या स्वेच्छेने वापरून पाहतात. सप्टेंबर २००८ मध्ये २.६.२७ या आवृत्तीचे असे परीक्षण चालू असता काही संगणकांचा नेटवर्कशी असलेला संबंध तुटला. जुन्या आवृत्तीकडे परतूनही तो जुळेना.

स्थायी स्मृती

याचे कारण समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. संगणकाच्या मुख्य स्मृतीतील मजकूर वीज बंद होताच नाहीसा होतो. परंतु काही भागांची स्वतःची लहानशी स्मृती असते व तिच्यातील मजकूर विजेवाचूनही टिकतो. इंटेल कंपनीच्या ज्या नेटवर्क-घटकांना ही बाधा झाली, त्यांच्या स्थायी स्मृतीत त्या घटकाचा ओळख-क्रमांक, प्रारंभीच्या जुळणीची माहिती आणि या सर्वांचा पडताळा पाहण्याचा अंक साठविलेला असतो. हा मजकूर बिघडला की पडताळा जुळत नाही आणि घटक कामास लागत नाही. एकही तार जळलेली नसते, तरी यंत्र निरुपयोगी होते. ज्यांनी मूळ मजकुराची प्रत जपून ठेवली होती, त्यांना तो पुन्हा लिहिता येत असे. इतरांची मात्र अडचण झाली.

संशयित आणि खरा दोषी

संशय साहजिकच त्या घटकाला चालविणाऱ्या 'ई१०००ई' नावाच्या आज्ञावलीवर आला. उबंटूच्या परीक्षणार्थ आवृत्तीत ती बंद ठेवण्यात आली. पुढे स्थायी स्मृतीवर कोणासही लिहिता येऊ नये अशी कुलूपबंद व्यवस्था करण्यात आली आणि तिच्यासह ९ ऑक्टोबर २००८ रोजी २.६.२७ प्रसिद्ध झाली. पण लिहीत होते कोण, हे अद्याप कळले नव्हते.

दोष निघाला तो भलतीकडेच. गाभ्यातील कार्यांचा माग ठेवणारी 'एफट्रेस' ही सोय त्या आवृत्तीत नवी होती. चाललेल्या कार्यांचे स्मृतीतील पत्ते ती टिपून ठेवी आणि थोड्या अवधीने त्या पत्त्यांवर जाऊन तेथील सूचना बदली. आता, काही सूचना प्रारंभी एकदाच लागतात व त्यांची जागा लगेच मोकळी केली जाते. तोच पत्ता पुढे नेटवर्क-घटकाच्या स्थायी स्मृतीला दिला गेला, तर एफट्रेस जुन्या टिपणावर विसंबून तेथेच जाऊन पोहोचे. खोली सोडून गेलेल्या भाडेकरूच्या नावाने आलेल्या सुताराने नव्या बिऱ्हाडाचे कपाट उघडावे, तसाच हा प्रकार.

सुताराने आधी खात्री करून घेतली नव्हती काय? घेतली होती. अपेक्षित सूचना तेथे आहे की नाही हे एफट्रेस तपासत असे. परंतु त्यासाठी वापरलेली प्रक्रियकाची 'तुलना करून बदल' ही सूचना, तुलना फसली तरी वाचलेले मूल्य परत त्याच जागी लिहिते. साध्या स्मृतीत त्याने काहीच बिघडत नाही. परंतु जेथे प्रत्येक लेखन हा यंत्राला दिलेला हुकूम ठरतो, तेथे तेवढ्यानेही अनर्थ होऊ शकतो.

कारण उमगताच त्याच महिन्यात निघालेल्या २.६.२७.१ या सुधारित आवृत्तीत एफट्रेसचा तो भाग बंद करण्यात आला. २.६.२८ मध्ये तो नव्या पद्धतीने रचण्यात आला व सूचनांच्या जागा आज्ञावली तयार होतानाच नोंदविल्या जाऊ लागल्या.

या प्रसंगापासून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली ही की, ज्याला इजा झाली त्याच्याच ठायी दोष असतो असे नाही. दुसरी अशी की, परीक्षणार्थ आवृत्ती आपल्या नित्याच्या, एकुलत्या संगणकावर चालवू नये आणि चालविण्यापूर्वी महत्त्वाच्या मजकुराची प्रत काढून ठेवावी. ज्या थोड्या लोकांनी जोखीम पत्करली, त्यांच्या तक्रारींमुळेच पुढील असंख्य संगणक बचावले.