भरतीच्या पलीकडील पवित्र बेट

आम्हा नागपूरकरांस समुद्र म्हणजे बहुधा भूगोलाच्या नकाशातील निळा रंग. तथापि ज्यांना मुंबईस जाण्याचा योग आला असेल, त्यांनी हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी चिंचोळी वाट पाहिली असेल. ओहोटीच्या वेळी तिच्यावरून भाविकांची रीघ लागते, आणि मोठी भरती आली म्हणजे तीच वाट लाटांखाली नाहीशी होते. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, स्कॉटलंडच्या सीमेनजीक, अशाच प्रकारचे एक बेट आहे. त्याचे नाव लिंडिस्फार्न. परंतु लोक त्यास शतकानुशतके ‘पवित्र बेट’ म्हणत आले आहेत. त्या प्रदेशाशी आपल्या शहराचाही एक धागा जुळलेला आहे. १८४५ साली नागपुरास येऊन येथे शिक्षणाचे कार्य आरंभिणारे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप ज्या डन्स गावी १८१७ मध्ये जन्मले, ते गाव या बेटापासून पंचवीस मैलांच्या आत आहे.

हे बेट दिवसातून दोनदा बेट होते आणि दोनदा भूमीस जोडले जाते. चंद्राच्या, व काही अंशी सूर्याच्या, आकर्षणाने समुद्राचे पाणी चढते व उतरते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. म्हणून आज ज्या वेळी वाट उघडी होती, त्याहून उद्या ती सुमारे ५० मिनिटे उशिरा उघडी पडते. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास चंद्र-सूर्यांचा जोर एकवटतो व समुद्रास उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भरती मंदावते, तिला आपले कोकणचे कोळी ‘भांग’ म्हणतात.

अशा जागी कोणी मठ का बांधावा? ही हकीकत इ. स. ६३५ मधील आहे. नॉर्थंब्रियाचा राजा ऑस्वाल्ड याने आपल्या प्रजेस ख्रिस्ती धर्म शिकविण्याकरिता स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयोना बेटावरच्या मठातून उपदेशक मागविला. प्रथम जो आला, तो स्वभावाने फार कडक. हे लोक हट्टी व रानटी असून शिकण्यास अपात्र आहेत, असे म्हणून तो परत गेला. तेव्हा मठातील एडन नामक साधू सौम्यपणे म्हणाले, की बंधो, तुम्ही त्यांस आधी दूध पाजावयाचे सोडून एकदम जड अन्न दिलेत. मग एडन यांसच पाठविण्यात आले! एडन यांना तेथील भाषा नीट येत नसे. ते उपदेश करीत आणि स्वतः राजा दुभाष्या होऊन आपल्या सरदारांस त्याचा अर्थ सांगे. हे सर्व आपल्याला बीड नावाच्या मठवासी इतिहासकाराने ७३१ मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथातून कळते. (आपल्या मराठवाड्यातील बीडशी या नावाचा काही संबंध नाही.)

एडन यांनी लिंडिस्फार्नवर मठ स्थापिला व तेथील बारा मुले शिकावयास घेतली. आम्हा शिक्षकांस या गोष्टीचे विशेष अप्रूप वाटते. परक्या देशातून आलेल्या माणसाने सर्व भार आपल्याच खांद्यावर न ठेवता त्या भूमीतीलच मुले तयार केली, आणि पुढे त्यांच्यापैकी ईटा हे बिशपही झाले. जागेची निवडही तशीच विचारपूर्वक होती. पाणी उतरले म्हणजे पायी गावोगाव जावे, पाणी चढले म्हणजे एकांतात प्रार्थना व अध्ययन करावे. एडन घोड्यावर क्वचितच बसत. ऑस्विन राजाने त्यांस एक उमदा घोडा दिला, तो त्यांनी वाटेत भेटलेल्या भिकाऱ्यास देऊन टाकला.

६५१ मध्ये एडन निवर्तले. त्यांच्यानंतर या बेटाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते संत कथबर्ट. त्यांना मठाचा एकांतही अपुरा वाटला. ६७६ मध्ये ते आणखी दूर, उघड्या समुद्रातील फार्न बेटावर राहावयास गेले. तेथे त्यांनी अशी उंच भिंत रचली, की आतून आकाशाखेरीज काही दिसू नये. गहू पेरला तो उगवला नाही. मग जव पेरले, ते आले. झोपडीच्या छपराचे गवत पळविणाऱ्या डोमकावळ्यांना ते रागे भरले, तेव्हा एक कावळा नरमून परत आला व चरबीचा तुकडा ठेवून गेला. तो कथबर्ट पाहुण्यांस जोड्यांना चोळावयास देत, अशी आख्यायिका आहे. ६८७ च्या २० मार्च रोजी ते त्याच बेटावर निवर्तले.

कथबर्ट यांच्या सन्मानार्थ लिंडिस्फार्न येथे ७०० च्या सुमारास चारही शुभवर्तमानांची एक अतिशय सुंदर हस्तलिखित प्रत तयार झाली. ती लॅटिनमध्ये होती. दहाव्या शतकात आल्ड्रेड नावाच्या पाळकाने ओळींच्या मधल्या जागेत प्रत्येक शब्दाचा अर्थ जुन्या इंग्रजीत लिहिला, आमचे विद्यार्थी इंग्रजीच्या पुस्तकात पेन्सिलीने मराठी अर्थ लिहितात अगदी तसा! शुभवर्तमानांचे इंग्रजीतील सर्वांत जुने उपलब्ध भाषांतर ते हेच. ७९३ मध्ये समुद्रमार्गे आलेल्या लुटारूंनी मठ लुटला आणि ८७५ मध्ये मठवासी कथबर्ट यांची शवपेटी घेऊन बेट सोडून गेले. ती पेटी अखेर डरहॅम येथे विसावली. ग्रंथ लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

आज फार्न बेटांवर सीहाउसेस गावाहून नावेने जातात. विणीच्या हंगामात तेथील सुरय पक्षी प्रवाशांच्या डोक्यावर चोची मारतात, म्हणून टोपी घालून जावे लागते. तेथील आयडर बदकांस लोक अद्याप ‘कथबर्टची बदके’ म्हणतात. लिंडिस्फार्नला मात्र १९५४ पासून मोटारीचा रस्ता आहे. शिवाय सुमारे तीन मैल वाळूतून जाणारी जुनी यात्रेची पायवाटही आहे. तिच्यावर खुणेचे उंच खांब रोवलेले आहेत.

चढत्या पाण्यातून वाट काढणे किती घातक, हे नागपुरास ठाऊक आहे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील पुरातन शिलावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉपसाहेब घोड्यावरून नाल्याचा पूर ओलांडू गेले व त्यात बुडाले. आमच्या नाल्यांच्या पुरास वेळापत्रक नसते. लिंडिस्फार्नच्या समुद्रास आहे; सुरक्षित वेळांचे कोष्टक छापले जाते, रस्त्याच्या तोंडाशीही लावलेले असते. तरीही घाई करणाऱ्यांच्या मोटारी पाण्यात अडकतात आणि त्यांना वाटेतील खांबांवर उभारलेल्या लाकडी खोलीत चढून बसावे लागते. शहाणे प्रवासी अलीकडच्या काठावर शिदोरी सोडून बसतात. काही तास समोर रस्ता नसतोच. पाण्यातून त्या जुन्या पायवाटेच्या खांबांची रांग तेवढी बेटाकडे गेलेली दिसते.