कुठे दुखते?

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न कोणता विचारतात? "काय होतंय? कुठे दुखतंय?" प्रश्न अगदी साधा आहे. पण या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांना समजलेच नाही तर काय होईल, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

जगाचा नकाशा उघडा. कॅरिबियन समुद्रात, क्यूबाच्या पूर्वेला, हिस्पॅनिओला नावाचे बेट दिसेल. त्याच्या पश्चिम भागात हैती हा देश आहे आणि पूर्वेकडच्या मोठ्या भागात डोमिनिकन प्रजासत्ताक. या दुसऱ्या देशाची भाषा स्पॅनिश. अमेरिका, कॅनडा अशा देशांतील वैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थी सुटीत तिथल्या छोट्या दवाखान्यांत काही आठवडे विनावेतन काम करतात. अशा कामाला स्वयंसेवा म्हणतात.

तुम्हांला वाटेल, हे विद्यार्थी तिथे जाऊन लगेच रोग्यांना तपासत असतील, औषधे देत असतील. तसे नाही. विद्यार्थी हा अजून डॉक्टर झालेला नसतो. तो रोग्याचे वजन करतो, रक्तदाब मोजतो, नाव व वय लिहितो, गोळ्या मोजून पुड्या बांधतो. जे काम त्याला स्वतःच्या देशात करण्याची परवानगी नाही, ते त्याने परक्या देशातही करू नये, असा नियम आहे. गरिबांच्या वस्तीत कोणी अडवणारे नसते, म्हणून काही जण हा नियम मोडतात. माझ्या मते ती सेवा नव्हे. गरिबाच्या अंगावर सुई टोचण्याचा सराव करणे याला दुसरे नाव द्यावे लागेल.

विद्यार्थ्याचे मुख्य काम असते रोग्याची हकीकत ऐकून लिहून घेणे, आणि खरी परीक्षा तिथेच होते. पुस्तकात स्पॅनिश शिकलेला विद्यार्थी पहिल्या दिवशी गोंधळून जातो. डोमिनिकन लोक भराभर बोलतात आणि शब्दातला 'स' पुष्कळदा गिळून टाकतात. पुस्तकातले 'एस्ता' त्यांच्या तोंडी नुसते 'ता' होते. शब्द तोच असला तरी अर्थ बदलतो. मेक्सिकोत 'आओरिता' म्हणजे 'आत्ता लगेच', पण या बेटावर त्याचा अर्थ 'थोड्या वेळाने, नंतर' असा होतो. "गोळी घेतली का?" या प्रश्नाला बाई "आओरिता" म्हणाल्या, तर गोळी अजून घ्यायची आहे, हे ध्यानात आले पाहिजे.

ही चूक लहान वाटते का? मग एक खरी घटना ऐका. १९८० साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्ध अवस्थेत रुग्णालयात आणले. घरचे लोक क्यूबाचे होते. ते 'इंतोक्सिकादो' असे म्हणाले. क्यूबाच्या बोलीत त्याचा अर्थ होतो, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले आहे. इंग्रजीत मात्र त्याच्यासारखाच दिसणारा शब्द नशेसाठी वापरतात. डॉक्टरांची समजूत झाली की मुलाने नशेची औषधे घेतली आहेत, आणि त्यांनी त्याच दिशेने उपचार केले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. ते लक्षात यायला दोन दिवस लागले. मुलगा वाचला, पण त्याचे दोन्ही हात व दोन्ही पाय कायमचे लुळे झाले. पुढे कोट्यवधी डॉलरची भरपाई ठरली. त्या रात्री तिथे दोन्ही भाषा नीट जाणणारा एक दुभाषी असता, तर?

औषधाच्या चिठ्ठीचेही तसेच आहे. इंग्रजीत 'वन्स' म्हणजे एकदा. हाच शब्द त्याच अक्षरांत स्पॅनिश माणसाने वाचला तर तो 'ओन्से' वाचतो, आणि ओन्से म्हणजे अकरा! रक्तदाबाची गोळी दिवसातून एकदा घ्यायची की अकरा वेळा?

आता एक गंमत पाहा. इंग्रजी विद्यार्थ्याला परके वाटणारे काही स्पॅनिश शब्द तुम्हांला, म्हणजे उर्दू शिकणाऱ्या मुलामुलींना, ओळखीचे वाटतील. खोकल्याच्या पातळ औषधाला तिथे 'हाराबे' म्हणतात. मूळ अरबी शब्द 'शराब', म्हणजे पेय. आपले 'शरबत' त्याच घराण्यातले, आणि मराठी 'सरबत'ही. अर्धे डोके दुखते त्याला मराठीत अर्धशिशी म्हणतात. युनानी हकीम त्याला 'दर्द-ए-शकीका' म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याचे नाव आहे 'हाकेका', शकीकाचेच बदललेले रूप. कापसाला 'आल्गोदोन' म्हणतात, तो अरबी 'अल-कुत्न'. "लवकर बरे वाटो" असे म्हणताना तिथला माणूस 'ओहाला' हा शब्द वापरतो. तो 'अल्लाहची इच्छा असेल तर' या अर्थाच्या अरबी शब्दांपासून आला आहे, हे बोलणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसते.

हे कसे घडले? स्पेनमध्ये इ. स. ७११ पासून १४९२ पर्यंत मुसलमानांची राज्ये होती. जवळजवळ आठशे वर्षांत अरबीतील हजारो शब्द स्पॅनिशमध्ये मिसळले. १४९२ सालीच कोलंबस या बेटावर पोहोचला आणि त्याच्या जहाजांतून ती भाषाही समुद्रापार गेली. १५०३ साली स्पॅनिश लोकांनी सांतो दोमिंगो शहरात एक रुग्णालय बांधायला घेतले. अमेरिका खंडातील ते पहिले रुग्णालय मानतात. त्याच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत.

सर्वांत लांबचा प्रवास मात्र 'साखर' या शब्दाने केला. संस्कृत शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर, आणि शेवटी स्पॅनिश 'आसुकार'. शब्दामागून ऊसही गेला. कोलंबसाने १४९३ च्या सफरीत उसाची कांडी या बेटावर नेली. आज मधुमेह झालेला माणूस तिथल्या दवाखान्यात येऊन "मला आसुकार आहे" असे म्हणतो. आपल्याकडेही "मला शुगर आहे" असेच म्हणतात, नाही का?

या उसाच्या मळ्यांशेजारी मजुरांच्या वस्त्या असतात. त्यांना 'बातेय' म्हणतात. ऊसतोडणीसाठी बीडकडचे कामगार जसे दरवर्षी घर सोडून दूर जातात, तसे हैतीचे कामगार कित्येक पिढ्या इथे येत राहिले. त्यांची बोली क्रेयोल, फ्रेंचपासून निघालेली. म्हणजे कष्टाने स्पॅनिश शिकून आलेला विद्यार्थी बातेयमध्ये पुन्हा मुका होतो! शिवाय पुष्कळांजवळ कागदपत्रे नसतात. २०१३ साली तिथल्या घटना न्यायालयाच्या निकालाने हैतीच्या स्थलांतरितांच्या अनेक मुलांचे, त्याच देशात जन्मूनही, नागरिकत्व गेले. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि काहींना ते परत मिळाले. ज्याला पकडले जाण्याची भीती आहे, तो ताप अंगावर काढतो, सरकारी रुग्णालयात जात नाही. २०१० साली हैतीत पटकीची साथ आली आणि महिन्याभरातच ती सीमा ओलांडून इकडे आली. रोगाला कागदपत्रे लागत नाहीत.

अशा वेळी आईबरोबर आलेल्या लहान मुलाला दुभाषी करणे सोपे असते. पण ते बरोबर नाही. आई मुलासमोर सगळे सांगत नाही, आणि मूल घाबरून काही गाळते. म्हणून चांगल्या दवाखान्यात वस्तीतलीच एखादी शिकवलेली आरोग्यसेविका मध्ये बसते. विद्यार्थ्याने बोलताना तिच्याकडे पाहायचे नसते, रोग्याकडे पाहायचे असते. वयस्क बाईंना नुसत्या नावाने हाक मारायची नाही. नावाआधी 'दोन्या' लावायचे, जसे आपण खेड्यात 'मावशी' किंवा 'आजी' म्हणतो. स्पॅनिशमध्येही 'तू' आणि 'आप' असे दोन प्रकार आहेत, हे तुम्हांला शिकवावे लागणार नाही. शेवटी विद्यार्थी विचारतो, "आता गोळी कशी घ्यायची, ते तुम्ही मला सांगा." रोग्याने आपल्या शब्दांत बरोबर सांगितले, तरच पुडी हातात द्यायची.

सुटी संपते, विद्यार्थी परत जातो. रक्तदाबाची गोळी मात्र रोज घ्यायची असते, बहुधा आयुष्यभर. म्हणून निघण्यापूर्वी तो प्रत्येकाच्या कार्डावर तारीख, रक्तदाबाचा आकडा आणि गोळीचे नाव स्पॅनिशमध्ये स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवतो. पुढच्या सोमवारी तेच कार्ड घेऊन दोन्या दवाखान्यात येतात, आणि त्यांच्यासमोर वस्तीतली आरोग्यसेविका बसलेली असते.