तहानेआधी खणलेली विहीर

२ जुलै १९९७ रोजी थायलंडने आपले चलन, बाट, डॉलरच्या बंधनातून मोकळे केले. तोवर एका डॉलरला सुमारे २५ बाट पडत. सहा महिन्यांत पन्नासाहून अधिक पडू लागले. डॉलरमध्ये कर्ज घेतलेल्यांचे देणे घरबसल्या दुप्पट झाले. हे लोण इंडोनेशिया आणि दक्षिण कोरियापर्यंत पोचले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने कर्जे दिली, पण चढे व्याजदर आणि खर्चकपात अशा कडक अटींवर.

आशियाचा स्वतंत्र निधी असावा, ही जपानची सूचना त्याच वर्षी अमेरिकेच्या विरोधामुळे बारगळली. मे २००० मध्ये मात्र आसियान देश, चीन, जपान व दक्षिण कोरिया यांनी थायलंडमधील चियांग माई येथे वेगळी वाट काढली. अडचणीतल्या देशाला इतरांनी आपल्या गंगाजळीतून डॉलर द्यायचे, त्याने तेवढ्या किमतीचे स्वतःचे चलन द्यायचे आणि मुदत संपताच व्यवहार उलटा करायचा. २०१० मध्ये या सुट्या करारांची एकच व्यवस्था झाली. पुढे तिची मर्यादा २४० अब्ज डॉलरवर गेली.

तरीही या विहिरीतून आजवर कोणी पाणी काढलेले नाही. २००८ मध्ये दक्षिण कोरियाने आधार घेतला तो अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा. नाणेनिधीचा कार्यक्रम न स्वीकारता देशाला आपल्या वाट्यातील ठरावीक भागच मिळतो. तेव्हा तो २० टक्के होता, २०२१ पासून ४० टक्के आहे. शेजाऱ्याला अटी घालायचा संकोच, म्हणून ते काम नाणेनिधीवर सोपवलेले. तिथे मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे सोळा टक्क्यांहून अधिक आहेत.

म्हणजे विहीर आशियाची, पण पोहऱ्याचा दोर वॉशिंग्टनला. शेजाऱ्याचा हिशेब तपासण्याची आणि त्याला स्पष्ट सांगण्याची तयारी होईल, तेव्हाच तो हाती येईल.