माघारी वळण्याची किंमत: पन्नास मजले

३१ ऑगस्ट २०२५. दिल्लीहून इंदूरला निघालेल्या एअर इंडियाच्या एआय २९१३ विमानात उजव्या इंजिनाला आग लागल्याचा इशारा आला. वैमानिकांनी ते इंजिन बंद केलं आणि विमान दिल्लीला परत आणून सुखरूप उतरवलं. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाला हे जमतं. एकाच इंजिनावर, चाकं आत घेतल्यावर, हजार मीटर पुढे जाताना त्याला निदान चोवीस मीटर वर चढता आलंच पाहिजे, असा नियम आहे.

पण बिजासन टेकडीशेजारच्या इंदूर विमानतळावर फ्लाइंग क्लबची पोरं एका इंजिनाच्या सेसनावर शिकतात. ते एकुलतं इंजिन चढतानाच बंद पडलं तर? मागे पावणेतीन किलोमीटरची धावपट्टी पसरलेली. वळावंसं वाटणारच.

जरा हिशेब मांडू. १८० अंश वळून भागत नाही. तेवढ्याने विमान धावपट्टीला समांतर होतं, पण तीनशे मीटर बाजूला. पट्टीवर यायचं तर येऊनजाऊन २७० अंश वळावं लागतं. त्यात मे महिना, पारा चाळीसवर. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६४ मीटरवरची इथली हवा तेव्हा प्रमाण हवेपेक्षा १४ टक्के विरळ. काट्यावर वेग तोच दिसतो, प्रत्यक्षात तो आठ टक्के जास्त असतो आणि वळणाची त्रिज्या सोळा टक्के मोठी.

४५ अंश कलून वळलं, तर सुमारे १९ सेकंद. भांबावण्याची चार सेकंद धरा. उंची गेली अंदाजे दीडशे मीटर, म्हणजे पन्नास मजले. इंदूरचा राजवाडा सात मजली, मजले मोजले तर असे सात राजवाडे! भीतीपोटी ३० अंशच कललात, तर वळण रेंगाळतं आणि आणखी चाळीसेक मीटर जातात. उलट ६० अंश कललात, तर पंखांवरचा भार दुप्पट, आणि ज्या वेगाखाली पंख उचल सोडतात तो वेग ४१ टक्क्यांनी वाढतो.

आणि हे दीडशे मीटर कमवायलाच तापल्या हवेत जवळपास मिनिट लागतं. तोवर धावपट्टीचं दुसरं टोक पोटाखाली आलेलं असतं. म्हणून प्रशिक्षक घोकून घेतात: नाक खाली, समोरचं मोकळं शेत बघ.

मोठ्या विमानालाही हा हिशेब चुकत नाही. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्षी आदळून एका एअरबसच्या दोन्ही इंजिनांचं बळ गेलं. कॅप्टन सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीत उतरवलं. १५५ जण वाचले. पुढे सिम्युलेटरवर तत्काळ वळणारे काही वैमानिक धावपट्टीपर्यंत पोचले. मग काय झालंय हे उमगायला ३५ सेकंद धरून पाहिली. विमान पोचलं नाही.