पाणी पळतं, लाट जागेवरच

म्युनिकच्या आइसबाख या इसार नदीच्या फाट्यावरची लाट २०२५ च्या ऑक्टोबरातल्या साफसफाईनंतर उठेनाशी झाली, याचं अनेकांना नवल वाटलं. पाणी अडवलं, तळ साफ केला, पाणी पुन्हा सोडलं आणि वर्षानुवर्षं सर्फिंग चालत आलेली लाट गायब! नदीच्या लाटेवर जीव जडलेल्यांना अशा बातमीनं धास्ती वाटते. तळाचा आकार आणि पाण्याची पातळी यांतलं एक जरी बदललं, तरी लाटेचा भरवसा उरत नाही.

समुद्रात लाट पुढे सरकते आणि पाणी साधारण जागच्या जागी वरखाली होतं. नदीत उलटं. वेगानं येणारं उथळ पाणी खालच्या संथ, खोल पाण्याला भिडतं आणि उसळतं. पाणी पळत राहतं, लाट तिथंच. खालची पातळी फार चढली तर ती विरते, फार उतरली तर फेसाळून फुटते. तिच्या उतारावर कायाक प्रवाहाकडे तोंड करून ठेवली, की प्रवाह तिला मागे रेटतो आणि तिचं वजन तिला पुढे, उताराखाली खेचतं. दोन्हींचा मेळ बसला की घसरगुंडीवरून घसरतच राहावं तसं वाटतं, पण शेजारचा काठ हलत नाही.

त्याच इसार नदीवर प्लाटलिंगला जून २०२५ मध्ये फ्रीस्टाइल कायाकची जागतिक स्पर्धा झाली. तिथल्या बुटक्या होड्यांच्या घराण्यातली एक नवी कायाक कोलाडला, कुंडलिका नदीवर चालवून पाहायला मिळाली. लांबी जेमतेम दोन मीटर, तळ सपाट, कडा धारदार, नाक वर वळलेलं. गोल तळाची होडी पाणी कापत जाते. सपाट तळ वेगात पाण्यावर उचलला जातो, आणि लाटेवर सगळा खेळ त्याचाच.

अशा होडीत बसणं म्हणजे ती अंगात घालणं. कमरेशी फोम, मांड्यांवर आधार, तळव्यांना टेकू. जरा सैल राहिली तर गुडघ्यानं सांगितलेलं कडेपर्यंत पोचत नाही. होडीचं तोंड झाकणारा स्प्रे स्कर्ट ताणून बसवल्यावर त्याची ओढायची पट्टी बाहेर आहे ना, हे हातानं चाचपायचं. होडी उलटली आणि ती पुन्हा सुलटी करणारा रोल जमला नाही, तर सुटकेची वाट तीच.

एडीतून, म्हणजे प्रवाहाच्या कडेच्या उलट फिरणाऱ्या पाण्यातून निघताना वरच्या अंगाची कड किंचित उचलायची, नाहीतर प्रवाह तिच्यावर चढून होडी पालथी करतो. लाटेवर पोचल्यावर वल्हं मागे सुकाणूसारखं धरायचं. डावा गुडघा उचलला की उजवी कड पाण्यात रुतते आणि होडी लाटेच्या अंगावरून उजवीकडे सळसळत जाते. या कायाकची कड फार लवकर ऐकते. तो आनंद शब्दांत मावत नाही. पण बुटकी होडी मुळात मंद. उभ्या, आखूड लाटेवर ती शोभते, कारण लांब होडीचं नाक तिथं पाण्यात घुसतं. कुंडलिकेच्या लाटा बसक्या. तिथं तिला पुरेसा वेग मिळत नाही आणि ती मागे ओढली जाते. कोलाडसाठी कोणी विचारलं तर मी थोडी लांब, पुढून फुगीर आणि मागून चपटी हाफ-स्लाइस घ्यायला सांगेन.

आणि लाट? ती विकत मिळत नाही. कोलाडची लाट धरणाच्या पाण्यावर उठते. मुळा नदीवरच्या मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिरा वीजकेंद्रात येतं आणि पुढे कुंडलिकेला मिळतं. मुळा पूर्वेला वाहणारी नदी. वळवलं नसतं तर हे पाणी भीमेतून पंढरपूरला गेलं असतं. या धरणापायी जमिनी गेलेल्या मावळ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. कोलाडला मौज करणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवं. युगांडात धरणांनी उलट केलं. बुजागाली धरणानं पांढऱ्या नाईलवरचे बुजागाली धबधबे बुडवले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या इसिंबा धरणाच्या जलाशयानं जगभरचे कायाकर जिच्यासाठी जात, त्या ‘नाईल स्पेशल’ लाटेवर घाला घातला.

आपल्याकडे धरणाचं पाणी शेती, वीज आणि नळ यांपलीकडे फारसं मोजलं जात नाही. भिऱ्याच्या विसर्गाची वेळ आणि प्रमाण आदल्या दिवशी सगळ्यांना पाहता येईल असं जाहीर व्हायला हवं. काठावर धुणं धुणाऱ्या बाईलाही त्याचा उपयोग आहे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. बंधाऱ्याखालचा फेस लाटेसारखा दिसतो, पण तिथं पाणी काठापासून काठापर्यंत एकसारखं कोसळून उलट फिरतं. बाजूनं निसटायला वाट नसते, आणि लाइफ जॅकेट घातलेला माणूसही त्यात अडकून राहतो. नवी होडी घेऊन पावसाळ्यात गावच्या बंधाऱ्यावर कोणीही जाऊ नये.