कांद्याच्या मुळाशी स्फुरद कसा पोहोचतो?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, नेवासे, राहुरी आदी तालुक्यांत कांदा हे हाती रोख पैसा देणारे पीक होय. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने बसवंत ७८०, एन-२-४-१, फुले समर्थ असे वाण शेतकऱ्यांना दिले आहेत. परंतु वाण कोणताही असो, कांद्याचे मूळ दुबळेच असते. ते उथळ वाढते, त्यास फुटवे थोडे आणि मूळकेस नाममात्र. त्यात जमीन चुनखडीची असल्यास खतातील स्फुरद चुन्याशी बद्ध होतो. जो मोकळा राहतो तोही जागचा फारसा हलत नाही. मुळालगतचा एक-दोन मिलिमीटरचा थर रिकामा झाला की, खत चार बोटांवर असूनही पीक उपाशी राहते.

ही उणीव निसर्गाने एका बुरशीकरवी भरून काढली आहे. तिला मायकोरायझा म्हणतात. बुरशी म्हटली की शेतकऱ्यास करपा आणि सड आठवते. ही मात्र पिकाची सोबतीण आहे. तिचे तंतू एकीकडे मुळाच्या आत शिरतात व दुसरीकडे मातीत काही सेंटिमीटर दूर पसरतात. दूरचा स्फुरद ती मुळास आणून देते आणि मोबदल्यात पिकाकडून शर्करा घेते.

केसाहून कितीतरी बारीक अशा या तंतूतून स्फुरदाची वाहतूक होते तरी कशी? या प्रश्नाचा उलगडा होण्यास अनुस्फुरक रंजकांचे मोठे साहाय्य झाले. एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश देणारे रंजक ते अनुस्फुरक. एकेकाळी घरोघरी कपडे शुभ्र करण्यासाठी वापरले जाणारे टिनोपॉल याच जातीचे. तसलीच द्रव्ये बुरशीच्या भिंतीस चिकटतात, म्हणून प्रयोगशाळांत बुरशी ओळखण्यासाठी ती वापरतात. मात्र त्यांनी भिंत उजळते, आतला व्यवहार दिसत नाही.

आत पाहण्यासाठी कार्बोक्सिफ्लुओरेसिन डायअसिटेट या वर्गातील रंजके उपयोगी पडली. पेशीत शिरताना ती निस्तेज असतात. आतील विकरे त्यांचा एक भाग तोडतात, तेव्हा कोठे ती चमकू लागतात. आणि हा चमकणारा अंश रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या कोठारात, साठतो. निळा प्रकाश टाकला की कोठार हिरवे उजळते. पेशी जिवंत असतानाच हे पाहता येते, ही त्यातील खरी मोलाची गोष्ट. पूर्वी रसायनांनी पेशी मारून तपासत, त्यात रिक्तिकेचा मूळ आकारच मोडत असे.

ऑस्ट्रेलियातील ॲन ॲशफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाइन, निलगिरी यांच्या मुळांशी राहणाऱ्या पिसोलिथस या बुरशीत १९९३ साली असे दाखविले की, रिक्तिका म्हणजे नुसते गोल फुगे नव्हेत. त्यांना लांब नळ्या फुटतात, त्या हलतात, आखडतात आणि एका पेशीतून दुसरीत जातात. पिकांच्या मुळांशी राहणाऱ्या गिगास्पोरा मार्गारिटा या बुरशीतही अशाच नळ्यांचे विस्तृत जाळे जपानी संशोधकांना २००२ मध्ये आढळले. रिक्तिकेत स्फुरद साखळीच्या रूपाने साठविलेला असतो, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

१९९९ मध्ये पिसोलिथसवरच आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. रिक्तिकांची ही हालचाल पेशीतील सूक्ष्मनलिकांच्या आधाराने चालते; त्या मोडल्या की हालचाल थांबते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. कारण कार्बेन्डाझिम हे परिचित बुरशीनाशक बुरशीच्या सूक्ष्मनलिकांवरच घाव घालते. १९९७ मधील प्रयोगांत, शेतात वापरतात तेवढ्याच मात्रेत ते मायकोरायझाच्या तंतूंवर टाकले असता स्फुरदाची वाहतूक मोठ्या प्रमाणात घटल्याचे दिसून आले होते.

कांद्याची रोपे लावण्यापूर्वी मुळे कार्बेन्डाझिमच्या द्रावणात बुडविण्याची पद्धत रूढ आहे. रोगाचा धोका असेल तेथे ती सोडावी असे नाही; परंतु त्याच वाफ्यात विकतचे मायकोरायझा टाकणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. स्फुरदाच्या भरमसाट मात्रेनेही ही बुरशी मुळावर कमी वाढते, म्हणून माती परीक्षण आधी करावे. ही बुरशी जिवंत मुळाखेरीज वाढत नाही; तेव्हा ती मुळाजवळच पडली पाहिजे. कोबी, फुलकोबी व मोहरी यांची मुळे मात्र तिच्याशी सोबत करीत नाहीत. त्या पिकांसाठी तिच्यावर केलेला खर्च वाया जातो.